हाशिमाचा अर्धाच इतिहास

नागासाकीहून बोटीने हाशिमा बेटाकडे निघालेल्या प्रवाशाला दुरून समुद्रात एखादी युद्धनौका उभी असल्याचा भास होतो. जपानी लोकांनी त्याला ‘गुन्कानजिमा’, म्हणजे युद्धनौकेचे बेट, हे नाव दिले ते त्यामुळेच. क्षेत्रफळ अवघे ६.३ हेक्टर. १८९० साली मित्सुबिशी कंपनीने ते विकत घेतले आणि समुद्रतळाखालचा कोळसा मोठ्या प्रमाणावर निघू लागला. जमीन अपुरी, म्हणून वस्ती उंच वाढली. १९५९ साली तेथे ५,२५९ माणसे राहत होती. शाळा, इस्पितळ, चित्रपटगृह, सारे काही होते. पुढे कोळशाची जागा खनिज तेलाने घेतली. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलमध्ये बेट निर्मनुष्य झाले.

२००९ पासून पर्यटकांना तेथे उतरता येते. इमारती ढासळत असल्याने आखून दिलेली वाट मात्र सोडता येत नाही. वाटाड्यांचे काम बेटावरच्या काही जुन्या रहिवाशांनीही केले. आपले घर कोठे होते, हे अशा माणसाने बोट दाखवून सांगितले की ओसाड भिंती बोलू लागतात.

परंतु त्या सगळेच बोलतात काय? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियन आणि चिनी माणसांना या खाणीत सक्तीने राबविले गेले. २०१५ साली हाशिमासह मेइजीकालीन उद्योगस्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा अनेक कोरियनांना व इतरांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबविले गेल्याचे जपानने मान्य केले. माहिती केंद्राचे आश्वासनही दिले. (ही नोंद १९१० पर्यंतच्या औद्योगिक प्रगतीसाठी आहे, ज्या उंच इमारतींची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, त्या नंतरच्या!) केंद्र २०२० साली उघडले, तेही दूर टोकियोत. तेथे भेदभाव नव्हता असे सांगणाऱ्या जुन्या रहिवाशांच्या साक्षींना ठळक स्थान मिळाले. २०२१ साली वारसा समितीने त्याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला.

रहिवासी खोटे बोलतात असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे बालपण वर शाळेच्या पटांगणात गेले, त्याला खाली खाणीत कोण कसे राबत होते हे कितपत दिसणार? आठवण ही साक्ष खरी, पण ती जेथून पाहिले तेथवरचीच. आजही पर्यटकांच्या वाटेवरून खाणीच्या तोंडाकडे जाणारा जिना दिसतो. तेथे थांबून त्या खाणीत कोण कोण उतरले हे सांगायला वाटाड्याला दोन मिनिटे पुरतील.