तारेपासून ई-बीजकापर्यंत : वऱ्हाडच्या कापूसबाजाराची सांकेतिक भाषा

लक्ष्मीपूजनाला अमरावतीतल्या अडत-दुकानांत आता रोजमेळाच्या वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू वाहतात. व्यवहार ‘ऑनलाइन’ झाला, म्हणजे काहीतरी अगदी नवे घडले, असा आपला समज असतो. वऱ्हाडच्या कापूसव्यापाराचा मागोवा घेताना मला तो समज सोडावा लागला. यंत्र नवे आहे. त्यामागचा करार जुना आहे.

१८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि अकोला, बडनेरा ही स्थानके त्यावर आली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावचा फाटा खुला केला. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. बोटीने यायला आठवडे घेणारा लिव्हरपूलचा भाव आता तारेने येऊ लागला. पण तारेत शब्दागणिक पैसे पडत. म्हणून व्यापाऱ्यांनी संकेतकोश वापरात आणले. १८७३ चा ‘एबीसी’ कोश त्यांतला प्रसिद्ध. एका शब्दात एक पूर्ण वाक्य मावे : किती माल, कोणत्या भावाने, कोणत्या महिन्यात. अट एकच : दोन्ही टोकांना कोश तोच हवा, आवृत्तीही तीच हवी.

आज ज्याला ‘इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज’ म्हणतात, त्याचे मर्म या अटीत आहे. पत्र वाचायला माणूस लागतो. ठरलेल्या रकान्यांतला मजकूर यंत्र थेट आपल्या खात्यात घेते. १९४८-४९ च्या बर्लिन हवाई पुरवठ्यात मालाच्या याद्या एका साच्यात बसवाव्या लागल्या; त्या अनुभवातून ही कल्पना पुढे अमेरिकी वाहतूक व्यवसायात रुजली. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘एडिफॅक्ट’ हा आंतरराष्ट्रीय साचा ठरला. पाश्चात्त्य देशांत बड्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांना तो घ्यायला लावला. आपल्या जिनिंगवाल्यांच्या दारात मात्र हा साचा गिऱ्हाइकाने नव्हे, कराने आणला.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ ला लागू झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-बीजक सक्तीचे झाले. ही मर्यादा पायरीपायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली, आणि वऱ्हाडातले मध्यम जिनिंग कारखानेही तिच्या कक्षेत आले. आता रुईचे बीजक विक्रेत्याने ठरलेल्या साच्यात सरकारी पोर्टलवर नोंदवायचे. पोर्टल त्याला ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड देते. पात्र विक्रेत्याचे बीजक या क्रमांकाविना बीजकच धरले जात नाही. मग गिरणीला भरलेल्या कराची वजावट मिळणे अडते. म्हणून जो संगणकाला नाके मुरडत होता, त्यालाही तो घ्यावा लागला.

साच्यात बसवताना भाषा कशी आक्रसते, तेही पाहण्याजोगे आहे. वऱ्हाडी माणसाला कापूस वेगळा आणि रुई वेगळी. मधे सरकी निघते, सगळा जिनिंगचा धंदा त्यावर उभा आहे. कराच्या संकेतावलीत दोन्ही ५२०१. भावाची मापे मात्र अजून आपापल्या जागी आहेत : कापूस क्विंटलने, रुई ३५५.६२ किलोंच्या खंडीने, गाठ साधारण १७० किलोंची. ही सांगड मुनीम पूर्वी तोंडी हिशेबाने घाली. आज सॉफ्टवेअर घालते.

या साखळीतून सुटतो तो शेतकरी. कच्चा कापूस शेतकऱ्याकडून घेतला, तर १५ नोव्हेंबर २०१७ पासून कर घेणाऱ्याने भरायचा. बीजकही घेणाराच स्वतःपुरते करतो, आणि त्याला ई-बीजकाची सक्ती नाही. म्हणजे यंत्राची साखळी जिनिंगच्या फाटकातून पुढे सुरू होते. फाटकाअलीकडे वजन, ओलावा, प्रत आणि कटती ठरते. सगळे वाद तिथलेच, आणि तिथे शेतकऱ्याच्या हाती उरते ती काटापट्टी. माझ्या वडिलांनी जपलेल्या अशा पट्ट्या मी पाहिल्या आहेत. शाई उडाली की पुरावाही उडाला.

हा वगळा नवा नाही. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. दलाल आणि मापारी परवान्याखाली आले, ही मोठीच सुधारणा. पण बाजारसमितीत प्राधान्य व्यापाऱ्यांना होते. उत्पादकाला जागा नव्हती. कोश ठरवणाऱ्यांत तो नव्हता, म्हणून कोशात त्याचे शब्दही कमी.

२०२५ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲप आणले. हमीभावाने विकायचे तर नोंदणी त्यावर. शेतकऱ्याचे नाव, आधार, सातबारा, पेरा असा सगळा तपशील वर जाऊ लागला. देवाणघेवाण म्हणायची, तर तपशील खालीही यायला हवा. हमीभावाची खरेदी असो की खाजगी, प्रत्येक काट्यावरचे वजन, ओलाव्याचा आकडा, प्रत आणि कटतीचे कारण त्याच क्षणी त्याच्या मोबाइलवर, मराठीत, न पुसता येईल असे उमटायला हवे. गिरणीला जो पुरावा मिळतो, तोच त्याला मिळावा. तंत्र हाताशी आहे. लिव्हरपूलचा दलाल आणि मुंबईचा व्यापारी यांनी दीडशे वर्षांपूर्वी जसा एक कोश उघडला, तसा कोश काट्याच्या दोन्ही बाजूंना उघडायचा तेवढा राहिला आहे.