सागरसफरीचे चढे भाडे

दुर्ग-भिलाई ह्या जुळ्या शहरांतील पद्मनाभपूर ही वस्ती समुद्रापासून फार दूर आहे. मुंबईचा किनारा गाठावयाचा तर लोहमार्गाने सुमारे 1,100 किलोमीटरचा प्रवास पडतो. तरीही ह्या प्रदेशाचा आणि समुद्राचा काहीच संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ ह्या विमानवाहू नौकेला जे खास पोलाद लागले, ते पुरविणाऱ्या कारखान्यांत बोकारो आणि राउरकेला यांच्या जोडीला भिलाईचेही नाव आहे. येथला पत्रा असा समुद्रावर जातो. पत्रा लाटणारा माणूस मात्र बहुधा जात नाही.

अशा एका माणसाचे कुटुंब क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. आजोबा कारखान्याच्या प्लेट मिलमधून निवृत्त झालेले. त्यांचे घराणे मूळचे विदर्भातले. 1956 पूर्वी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहूनच चालत असे, तेव्हा इकडे येणे त्या काळी परमुलखात जाणे नव्हते. आजीचे गुडघे दुखतात. मुलगा, सून, बारा वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू, अशी एकंदर सहा माणसे. आजोबांनी निवृत्तीच्या रकमेतून काही पैसे बाजूला ठेवले आहेत, आणि ‘सगळ्यांनी मिळून एकदा बोटीवर जायचे’ हा त्यांचा हट्ट आहे. समोर दोन पत्रके आहेत. एका सफरीचे भाडे दुसरीच्या दीडपट. सुनेचे मत असे की, आयुष्यात एकदाच जायचे तर चांगल्या बोटीने, चांगल्या खोलीतून जावे. मुलाचे म्हणणे, समुद्र दोन्हीकडून सारखाच दिसतो. रक्कम एकच आहे आणि ती पुन्हा साठावयाची नाही. म्हणून ह्या वादाकडे केवळ हौसेची बाब म्हणून पाहता येत नाही.

बोटीच्या भाड्याचा हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत गोव्याकडे जाणाऱ्या कोकणच्या बोटी ज्यांनी पाहिल्या, त्यांना लोअर डेक आणि अप्पर डेक हे शब्द ओळखीचे आहेत. खालच्या डेकवर यंत्राची धग, तेलाचा वास आणि वळकट्यांची दाटी. वरच्या डेकवर वारा. अधिक पैसे दिल्याने काय मिळते हे तेथे नाकाला आणि कातडीला कळत असे. बंदर आले, की बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि खालचे-वरचे सारे उतारू एकाच पडावात उतरत. तो प्रवास घरी पोहोचण्यासाठी होता. आजच्या क्रूझचा उतारू कोठे पोहोचण्यासाठी निघत नाही. बोटीवर असणे हेच त्याचे पोहोचणे. मधला दुवा म्हणून 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या ‘आंग्रिया’ ह्या बोटीकडे बोट दाखविता येईल. एका रात्रीच्या त्या प्रवासात सामाईक दालनातील शय्येपासून दोघांच्या स्वतंत्र खोलीपर्यंत अनेक दर होते. ती सेवा पुढे बंद पडली.

सध्याच्या क्रूझचे भाडे कसे बांधलेले असते हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण पत्रकावरचा आकडा आणि प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. पत्रकावरचे भाडे माणशी असते आणि ते एका खोलीत दोघे राहतील असे धरून काढलेले असते. त्याच खोलीत तिसरा-चौथा उतारू आला तर त्याला पुष्कळदा कमी दर लागतो. उलट एकटा माणूस असेल तर त्याला जवळजवळ दोघांचा भार सोसावा लागतो. ह्या भाड्यात निजण्याची जागा, ठरावीक भोजनगृहांतील जेवण आणि बोटीवरचे सर्वसाधारण करमणुकीचे कार्यक्रम येतात. बंदराचे शुल्क, कर आणि बहुतेक ठिकाणी दर माणशी दर दिवसाची सेवकांची बक्षिसी ही वेगळी. मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचा हिशेब आणखी निराळा. शिवाय दर रोज बदलतो. बोट एकदा निघाली, की रिकाम्या खोलीचे मोल शून्य होते. तेव्हा कंपनी ती खोली कधी महाग, कधी स्वस्त विकून भरू पाहते. भाजी बाजारात संध्याकाळी जे घडते तेच हे, एवढेच की येथे भाजीवाली दिसत नाही.

चढे भाडे दोन प्रकारचे असते, आणि घरोघरच्या चर्चेत ह्या दोहोंची गल्लत होते. एक म्हणजे त्याच बोटीवर वरच्या दर्जाची खोली घेणे. दुसरे म्हणजे बोटच वरच्या दर्जाची निवडणे.

पहिल्याचा विचार करू. मुंबईहून 2021 च्या सप्टेंबरपासून सफरी करू लागलेली ‘एम्प्रेस’ ही बोट 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली आहे. लांबी सुमारे 211 मीटर. अशा बोटीवर आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली, समुद्राकडे बंद खिडकी असलेली खोली, बाल्कनीची खोली आणि मोठी दालने अशी चढती भाजणी असते. जुन्या बांधणीच्या बोटींवर बाल्कन्या मोजक्याच, म्हणून त्या अधिक महाग. परंतु भोजनगृह, तलाव, नाट्यगृह आणि मोकळा डेक ही सर्वांना बहुतांशी सारखी. मग दोन रात्रींच्या सफरीत बाल्कनीचा उपयोग किती? पहिल्या दिवशी दुपारनंतर बोटीवर चढावयाचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरावयाचे. असे सुमारे चाळीस तास. त्यांतले पंधरा-सोळा तास झोपेत जातात, काही जेवणात, काही किनाऱ्यावर, काही मुलांना तलावातून बाहेर काढण्यात. बाल्कनीत बसावयाला दोन-तीन तास उरले तर पुष्कळ. सात रात्रींच्या सफरीत हेच गणित अगदी पालटते.

खोलीच्या निवडीत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती पत्रकात ठळक अक्षरांत छापलेली नसते. मध्ये आधार दिलेल्या फळीच्या दोन टोकांवर मुले बसली म्हणजे टोके वरखाली होतात, मधला भाग मात्र फारसा हलत नाही. लाटेवर चालणारी बोट अशीच हलते. लांबीच्या मध्यावर आणि पाण्याच्या पातळीजवळच्या मजल्यांवर हालचाल सर्वांत कमी. पुढच्या-मागच्या टोकांना आणि उंच मजल्यांवर सर्वांत अधिक. आधुनिक बोटींच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखासारखे भाग असतात. त्यांनी डावी-उजवीकडचे कलणे पुष्कळ कमी होते, परंतु पुढच्या टोकाचे उठणे-बसणे त्यांना तितकेसे आवरत नाही. आता गंमत अशी, की भारी दालने बहुधा उंच मजल्यांवर असतात. म्हणजे ज्याला बोट लागते त्याने सर्वाधिक पैसे मोजून सर्वाधिक हलणारी खोली घ्यावी, असा योग जुळून येतो! बोट लागते ती कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची आणि डोळ्यांची साक्ष जुळत नाही म्हणून; कान सांगतो ‘हलतो आहेस’, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते ते ह्यामुळेच. तेव्हा ज्याला समुद्राची सवय नाही अशा वृद्धासाठी मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरची, खिडकी असलेली खोली ही सर्वांत सुखाची. आणि ती सर्वांत महाग नसते.

सुरक्षितता तरी पैशाने वाढते काय? एके काळी वाढत असे. 1912 साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातील निम्म्याहून अधिक उतारू वाचले आणि तिसऱ्या वर्गातील सुमारे चौथा हिस्साच वाचला. त्यानंतर 1914 साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सर्वांना पुरतील एवढ्या जीवननौका असाव्यात हा त्याचा गाभा. आपल्याकडे 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या आठवणीने कित्येक घरांत अजूनही ‘बोट’ म्हटले की वडीलधारी गप्प होतात. आजच्या क्रूझवर धोक्याच्या वेळी कोठे जमावयाचे याची माहिती व सराव सर्व उतारूंना सक्तीचा आहे, आणि त्यात बाल्कनीवाला व बिनखिडकीचा असा भेद नाही. ह्या कारणासाठी अधिक पैसे देण्याचे प्रयोजन उरत नाही.

आता दुसरा प्रकार, म्हणजे बोटच भारी घेणे. येथे मुलाचे ‘समुद्र सारखाच’ हे म्हणणे पुरेसे नाही. स्वस्त बोटीचे अर्थशास्त्र असे, की भाडे कमी ठेवून उतारू आणावयाचा आणि मग जुगारगृह, मद्यगृह, दुकाने, छायाचित्रे यांतून त्याच्याकडून वसुली करावयाची. अमेरिकेतील डिस्ने कंपनीने 1998 साली आपली पहिली बोट पाण्यात आणली, ती मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी. त्या बोटींवर जुगारगृहच नाही. ते उत्पन्न नसल्यामुळे भाडे चढे. मात्र त्या भाड्यात मुलांचे खेळघर आणि साधी शीतपेये येतात. पुष्कळ खोल्यांत स्नानगृह व शौचकूप वेगळे असल्यामुळे सकाळी चौघांची रांग लागत नाही. आणि रोज वेगळ्या भोजनगृहात जेवावयास गेले तरी वाढणारे सेवक तेच असतात. पहिल्या रात्री नातवाला तिखट चालत नाही असे सांगितले, की दुसऱ्या रात्री पुन्हा सांगावे लागत नाही. ही सोय लहान वाटते. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जेवावयास बसलेल्या आईला ती लहान वाटणार नाही.

हिशेबासाठी केवळ कल्पित आकडे घेऊ. साध्या बोटीचे भाडे माणशी 100 आणि खोलीतील तिसऱ्या-चौथ्याला 60 धरले, तर आजी-आजोबांचे 200 आणि दुसऱ्या खोलीतील चौघांचे 320, मिळून 520 होतात. भारी बोटीचे ह्याच प्रमाणात दीडपट, म्हणजे 780. फरक 260 चा. सुनेने तोंड मिटावे असा. परंतु साध्या बोटीवर पेये, मुलांचे सशुल्क खेळ, एखादे वेगळे जेवण असा वरकड खर्च माणशी 35 झाला तर 210 वाढतात आणि फरक 50 वर येतो. जे कुटुंब भोजनगृहातले जेवण जेवून, पाणी पिऊन, डेकवर फेऱ्या मारून तृप्त असते, त्याच्यासाठी मात्र तो 260 च राहतो. भारी बोटीवर जे भाड्यात आले आहे ते न वापरताही त्याचे पैसे गेलेलेच असतात. म्हणजे प्रश्न बोटीपेक्षा त्या सहा जणांच्या सवयींचा आहे, आणि त्या सवयी सुनेला सासऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असतात.

ह्यात घरापासून बंदरापर्यंतचा खर्च धरलेला नाही, आणि पद्मनाभपूरच्या कुटुंबाला तोच अनेकदा बुडवतो. परदेशातील भारी बोट गाठावयाची तर सहा पारपत्रे, सहा परवाने, सहा विमानतिकिटे. तेव्हा दीडपट भाडे एकूण खर्चात अडीचपट होऊन बसते. मुंबईला जाण्यासाठी आगगाडीची एक रात्र जाते आणि बोट चुकू नये म्हणून बहुधा एक दिवस आधी मुक्काम करावा लागतो. विशाखापट्टणम मात्र जवळ आहे: 2024 च्या सप्टेंबरपासून दुर्गहून तेथे वंदे भारत गाडी धावू लागली आणि प्रवास सुमारे आठ तासांवर आला. त्या बंदरातूनही 2022 च्या जून महिन्यापासून क्रूझच्या सफरी झालेल्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा बोट पूर्वेकडे वळते. अशी सफर त्या वर्षी आहे किंवा नाही, हे भाड्याच्याही आधी विचारावे.

ह्या सर्वांतून त्या सहा जणांपुरता निर्णय पुष्कळसा स्पष्ट होतो. दोन-तीन रात्रींसाठी भारी बोट त्यांना परवडणारी नाही. साधी बोट घ्यावी, परंतु दोन खोल्या एकाच दर्जाच्या घेऊ नयेत. आजी-आजोबांना मधल्या भागातील खिडकीची खोली, उद्वाहकापासून जवळ, म्हणजे गुडघ्यांना लांब बोळ तुडवावे लागणार नाहीत. समोर आतल्या बाजूला चौघांची बिनखिडकीची. मुलांना अंधारात झोप चांगली लागते आणि दिवसा ती खोलीत टिकत नाहीत. उरलेल्या पैशांतून किनाऱ्यावर उतरावयाच्या दिवशी सहा जणांना पुरेल अशी मोटार करावी. मात्र लहान होड्यांतून उतरावे लागणार आहे, की बोट धक्क्यालाच लागणार आहे, याची चौकशी आधी करावी. हलत्या शिडीवरून होडीत पाय टाकणे आजींना जमणारे नाही, आणि मग त्या दिवशी आजोबाही बोटीवरच बसतील. सात रात्रींची सफर असती, किंवा नातवंडे जुळी तीन वर्षांची असती, तर सुनेची बाजू घ्यावी लागली असती.

शेवटच्या रात्री सामान खोलीच्या दाराबाहेर ठेवावयाचे असते आणि बोटीवरील खर्चाचा हिशेब चुकता करावयाचा असतो. तो कागद सकाळच्या घाईपूर्वीच मागून घ्यावा आणि ओळीने वाचावा. नातीने खोलीच्या कार्डावर किती सरबते घेतली ते तेथे कळते.