गणेशखिंडीतील दगडी घर

विलायती धाटणीचे दगडी घर पाहण्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या विद्यापीठाची मुख्य इमारत ही मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होय. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६४ साली, तिचे काम सुरू झाले आणि १८७१ साली ते पुरे झाले. नकाशा जेम्स ट्रबशॉ यांचा. खर्च अंदाजाबाहेर गेला व त्यापायी फ्रियरसाहेबांना बराच ठपका सोसावा लागला.

घराचे वळण इटालियन आहे. गोल कमानी, उंच चौकोनी मनोरा. इंग्लंडात त्या काळी या धाटणीचा मोठा नाद होता. वाइट बेटावरील व्हिक्टोरिया राणीचे ऑसबोर्न हाऊस याच वळणाचे. गंमत अशी की, ऑसबोर्नच्या भिंती विटांच्या असून दगडाचा भास व्हावा म्हणून त्यांवर सिमेंटचा गिलावा दिलेला आहे. पुण्यास मात्र अस्सल सह्याद्रीचा पाषाण!

पाहुण्यांचे लक्ष मनोऱ्याकडे जाते. आमचे लक्ष कमानींच्या ओसरीकडे गेले. तिच्यामुळे आतल्या भिंतीवर ऊन थेट पडत नाही, तिरपी सर दारापर्यंत पोहोचत नाही, आणि वारा मात्र खेळता राहतो. जाड दगड दिवसाचे ऊन सावकाश पितो. आपल्या सिल्वासाच्या भोवतालच्या वारली घरांत कुडाच्या भिंतींवर खाली उतरलेले छप्पर हेच काम करते, तेही गव्हर्नरांच्या तिजोरीला हात न लावता.

याच घरी २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. त्या रात्री तेथून परतणाऱ्या रँडसाहेबावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नरांच्या दालनांत पदवीधरांचा वावर सुरू झाला. २०१४ पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण घरचेच आहे. ट्रस्टच्या नव्या सभागृहाचा जो नकाशा सभासदांपुढे ठेवला गेला, त्यात दर्शनी भागास काच आहे, ओसरी नाही. काच शोभिवंत खरी, पण आपल्याकडचा वैशाख आणि आषाढ तिला ठाऊक नाही. विश्वस्त मंडळींस आमची विनंती एवढीच की, काचेचे पैसे वाचवून पुढे दहा फुटांची ओसरी काढावी. सभा नसेल त्या दिवशी मुले तेथे अभ्यासास बसतील.