हशा बंद करून पाहा!

दोस्तांनो, विनोदी मालिकेत कुणी काही गमतीचं बोललं, की मागून खो-खो हशा येतो ना? तो बऱ्याचदा आधीच टेप करून ठेवलेला असतो!

अमेरिकेत १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं गाजलेल्या ‘मॅश’ मालिकेतही तो होता. मॅश म्हणजे आघाडीजवळ तंबू ठोकून थाटलेलं फिरतं लष्करी इस्पितळ. गोष्ट १९५० ते १९५३च्या कोरियन युद्धातली. (त्या खऱ्या युद्धात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं आपलं भारतीय वैद्यकीय पथकही होतं बरं का!) मालिकेतला डॉक्टर हॉकआय महाखोडकर. वरिष्ठांची टर उडवणं हा त्याचा आवडता उद्योग. पण हेलिकॉप्टरची घरघर आली, की थट्टा अर्धवट टाकून सगळे धावत सुटतात. जखमी आलेले असतात.

वाहिनीला हशा हवा होता, निर्मात्यांना नको. शेवटी तडजोड झाली : शस्त्रक्रिया चालू असताना हशा नाही! १९७५च्या एका भागात तिथंच रडार हा पोरगेला कारकून येऊन सांगतो, की घरी निघालेल्या कर्नल ब्लेक यांचं विमान पाडलं गेलं; कुणीही वाचलं नाही. डॉक्टरांचे डोळे भरून येतात, हात मात्र थांबत नाहीत.

या मालिकेच्या डीव्हीडीवर हशा बंद करायची सोय आहे. आई-बाबांना सोबत घेऊन तसा एखादा भाग पाहाच. हॉकआयचे विनोद तेच असतात. पण आता तो हसवतोय असं वाटत नाही. रात्रभर न झोपलेला, घाबरलेला माणूस स्वतःला धीर देतोय असं वाटतं.