महामार्गावरील यंत्र आणि मैलकुली

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या व्यवहारातील 'मैलकुली' हा शब्द मोठा बोलका आहे. रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या हवाली असे, तो मैलकुली. खड्डे बुजविणे, साइडपट्टी राखणे, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढणे ही त्याची कामे. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी शब्द टिकला. प्रश्न आहे तो त्या कामाचा.

मुंबई-गोवा महामार्ग (2010 पासून क्रमांक 66) सिंधुदुर्ग जिल्ह्यात खारेपाटण, कणकवली, कुडाळ, झाराप असा जातो. चौपदरीकरणात येथे डांबराची जागा काँक्रीटने घेतली. अशा रस्त्यांसाठी वापरले जाणारे स्लिपफॉर्म पेव्हर हे यंत्र स्वयंचलनाचा उत्तम नमुना होय. कडेला ताणलेल्या तारेला त्याचा संवेदक सतत स्पर्श करीत असतो; अंतरात फरक पडताच द्रवदाबावर चालणारे पाय यंत्राची उंची सावरतात. काँक्रीट कंपनाने घट्ट बसते व साचा पुढे सरकतो. पूर्वी मुकादमाची दोरी आणि डोळा जे करीत, तेच हे. मात्र त्याला सलग, मोकळी लांबी लागते. कसालहून मालवणकडे उतरणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर ती कोठून मिळणार?

दुरुस्तीचे स्वयंचलन याहून अवघड. बांधणीत एकच क्रिया अखंड चालते. दुरुस्तीत प्रत्येक भेग निराळी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत भेगा शोधून बुजविणाऱ्या स्वयंचलित वाहनावर 1990 च्या दशकात संशोधन झाले. भारतात लेसर व कॅमेरे बसविलेली सर्वेक्षण-वाहने पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि भेगा नोंदवितात. ही नोंद माणसाच्या पाहणीपेक्षा जलद व निःपक्षपाती असते, यात शंका नाही.

परंतु कोकणातील रस्त्याचे दुखणे बहुधा पृष्ठभागावर सुरू होत नाही. येथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. जांभ्याच्या कठीण थराखाली पुष्कळ ठिकाणी मऊ चिकण माती असते. पाणी मुरले की कटाईची दरड सुटते. मोरी तुंबली तर तेच पाणी भरावात शिरते. कॅमेऱ्याला भेग दिसते तेव्हा पाण्याने आपले काम उरकलेले असते. मैलकुली कुदळ घेऊन मोरीशी जात असे तो त्याआधी, मे महिन्यात. म्हणून सर्वेक्षण-वाहनाच्या नोंदीशेजारी प्रत्येक मोरीची व गटाराची पावसाळ्यापूर्वीची नोंद असली पाहिजे, आणि तीखाली ज्याच्याकडे तो तुकडा आहे त्या माणसाचे नावही.