नगररचना व पर्यावरण : पदवीनंतरचे शिक्षण

रस्ता कोठून न्यायचा, सांडपाणी कोणत्या वस्तीकडे उतरणार, कचरा डेपो कोणाच्या दारात येणार, हे आधी नकाशावर ठरते. ते ठरविण्याचे शास्त्र म्हणजे नगररचना. माजलगावचेच पाहा. सिंदफणेवरील आपल्या धरणात पैठणच्या नाथसागराचे पाणी उजव्या कालव्याने येते. म्हणजे गावच्या पाण्याचा विचार नगरपरिषदेच्या हद्दीत संपत नाही. म्हणूनच या अभ्यासक्रमात जमीन, पाणी, लोकवस्ती व कायदा एकत्र शिकवतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांना हरकत घेता येते. पण वस्तीत नकाशा वाचणारा कोणी नसला तर मुदत निघून जाते आणि जागेवर आरक्षण पडल्याचे मागाहून कळते.

दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये पर्यावरण नियोजनाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीतही नगर नियोजन शिकवतात. प्रवेश बहुधा गेट परीक्षेवर होतो. वास्तुकला वा स्थापत्यच हवे असे नाही. काही ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रातील एम.ए.सुद्धा चालते. (कला शाखेच्या आपल्या मुलामुलींना हे सहसा कोणी सांगत नाही!) परदेशी शिकायचे असल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.