स्थानपोथी, गोदाकाठ आणि भूसंदर्भित भूपत्रक

साहित्यकृतीतील स्थळे नकाशावर मांडून पाहणे ही गोष्ट तौलनिक साहित्याभ्यासात आता नवी राहिलेली नाही. फ्रँको मोरेत्ती यांचा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीचा ॲटलास १९९८ मध्ये इंग्रजीत आला आणि नकाशा हे ग्रंथाच्या शेवटी जोडावयाचे अलंकरण नसून विश्लेषणाचे साधन आहे, हा विचार पुष्कळांनी स्वीकारला. परंतु मोरेत्ती ज्या लंडन-पॅरिसविषयी लिहितात त्या शहरांचे कादंबरीच्याच काळातले नकाशे उपलब्ध आहेत. मध्ययुगीन मराठी ग्रंथाच्या अभ्यासकाला ही सोय नाही. त्याला सहाशे वर्षांनंतर, वेगळ्या राजवटीने, वेगळ्या हेतूने केलेल्या सर्वेक्षणाचा आधार घ्यावा लागतो. ते सर्वेक्षण कागदावर छापलेले असते. तो कागद स्कॅन करून, त्याचे भूसंदर्भन करून भौगोलिक माहिती प्रणालीत आणावा लागतो. ही क्रिया तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होण्याजोगी आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जुन्या नकाशाचे भूसंदर्भन हे एक प्रकारचे पाठसंपादनच होय, आणि त्यातील प्रत्येक निर्णयाचा परिणाम साहित्यविषयक निष्कर्षावर होतो.

उदाहरणासाठी महानुभाव संप्रदायातील ‘स्थानपोथी’ घेऊ. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची ही नोंदपोथी सर्वसाधारणपणे चौदाव्या शतकातील मानली जाते, वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती अभ्यासकांना सुलभ झाली. ‘लीळाचरित्रा’त जी लीळा घडते ती कोठे घडली, हे ही पोथी सांगते. पण ‘कोठे’ या प्रश्नाचे तिचे उत्तर आपल्या नकाशाच्या उत्तराहून निराळे आहे. पोथीतील स्थान हे नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी संबंधाने सांगितलेले असते: अमुक देवळाच्या पूर्वेस, अमुक दाराच्या बाजूस, नदीच्या अमुक अंगास. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, हेही नोंदलेले असते. भाविक स्थानवंदनासाठी येणार आणि त्याला नेमका ओटा सापडला पाहिजे, एवढाच तिचा हेतू. अक्षांश-रेखांशांची तिला गरज नव्हती. ज्याच्या संबंधाने स्थान सांगितले ते देऊळ, ती वाट, तो नदीचा काठ जागेवर आहे तोवर ही पद्धत अचूक असते. आधारच नाहीसा झाला की वर्णन अधांतरी राहते.

गोदाकाठी असे घडलेले आहे. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाचे क्षेत्र सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. पैठणच्या वरच्या अंगाला नदीचे दोन्ही काठ, त्यांवरची गावे, गावांना जोडणाऱ्या गाडीवाटा, ओढ्यांची मुखे हे सारे पाण्याखाली गेले. चक्रधरांच्या परिभ्रमणात हा काठ महत्त्वाचा आहे. पैठण आणि डोमेग्राम ही दोन्ही स्थाने गोदावरीवरचीच, आणि त्यांच्यामधला प्रदेश पुष्कळ अंशी आज जलाशयाने व्यापला आहे. या प्रदेशाविषयीचा कोणताही दिशानिर्देश आजच्या नकाशावर पडताळू गेल्यास निळ्या रंगाखेरीज काही हाती लागत नाही. त्यामुळे धरणापूर्वीच्या सर्वेक्षणावर आधारलेली भारतीय सर्वेक्षण खात्याची भूपत्रके हा येथे पर्यायी नव्हे, तर अनिवार्य पुरावा ठरतो.

भूपत्रकांच्या क्रमांकाची रीत एकदा समजली की सोपी आहे. चार अंश रुंद व चार अंश उंच अशा मोठ्या चौकोनांना अनुक्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी प्रत्येकाचे सोळा भाग पाडून त्यांना ‘ए’ ते ‘पी’ ही अक्षरे, आणि त्यांचे पुन्हा सोळा भाग पाडून त्यांना एक ते सोळा हे आकडे दिले जातात. या हिशेबाने पैठण ४७ एम/७ या पत्रकात येते आणि तेही अगदी वरच्या कडेला. शहर एका पत्रकात आणि वरच्या अंगाचा प्रदेश शेजारच्या पत्रकांत, अशी विभागणी होते. ही पत्रके एकाच वर्षीच्या सर्वेक्षणाची असतीलच असे नाही. शिवाय १९४८ पर्यंत गोदावरी ही या भागात हैदराबाद संस्थान आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा यांच्यामधली सीमा होती. म्हणजे पोथीत जो एकच काठ आहे तो सर्वेक्षणात दोन राजवटींचा आहे.

येथे एक सावधगिरी हस्तलिखितांच्या अभ्यासकाला सहज पटेल. पत्रकाच्या तळाशी मुद्रणाचे वर्ष असते आणि सर्वेक्षणाचे वर्षही असते. दोन्हींमध्ये कधी कधी दशकांचे अंतर पडते. मधल्या काळात रस्ते आणि सीमा तेवढ्या सुधारलेल्या असतात. पोथीचा लेखनकाल आणि नकलेचा काल यांत जो भेद आपण करतो तोच येथेही करावा लागतो.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. स्कॅन केलेला नकाशा हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. एक इंचास एक मैल या प्रमाणाचे पत्रक दर इंचास ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केले, तर एक बिंदू जमिनीवरील सुमारे ५.४ मीटर व्यापतो. ही सूक्ष्मता दिलासा देणारी वाटते; पण ती चित्राची आहे, नकाशाची नव्हे. चित्रातील कोणता बिंदू पृथ्वीवर कोठे आहे, हे अजून कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्यासाठी ज्यांचे अक्षांश-रेखांश निश्चित आहेत असे नियंत्रण बिंदू निवडले जातात. भूपत्रकावर पाच-पाच मिनिटांच्या रेषा असल्याने कोपऱ्यांसह असे सोळा छेदनबिंदू मिळतात. चारच कोपरे घेण्याचा मोह टाळावा. पत्रक आयताकृती दिसते, पण तसे ते नसते: ४७ एम/७ ची वरची कड खालच्या कडेपेक्षा जमिनीवर सुमारे ४० मीटरांनी आखूड आहे, कारण उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात. त्यात कागद दमट हवेत ताणलेला, घड्यांवर आखडलेला असतो. कापडावर चिकटविलेल्या जुन्या पत्रकांची तर तऱ्हाच वेगळी. घडी घालता यावी म्हणून ती कापून, मध्ये फट ठेवून डकविलेली असतात आणि स्कॅनमध्ये ती फटही प्रदेश म्हणूनच मोजली जाते.

अक्षांश-रेखांश भरले म्हणजे काम संपले, असेही नाही. ते कोणत्या पृथ्वीचे, हा प्रश्न उरतो. भारतीय भूपत्रके एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या लंबवर्तुळाभावर आधारलेली आहेत आणि त्यांच्या गणिताचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हा आहे. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती ज्या डब्ल्यूजीएस ८४ या प्रणालीवर चालते, तिची पृथ्वी विषुववृत्तीय त्रिज्येत एव्हरेस्टच्या पृथ्वीहून सुमारे ८६० मीटरांनी मोठी आहे, आणि दोहोंचे केंद्रही एक नाही. परिणामी जुन्या पत्रकावरील आकडे तसेच्या तसे नव्या प्रणालीचे म्हणून भरले, तर पैठणच्या परिसरात स्थान शंभर ते दीडशे मीटरांनी सरकते. कागदावर हे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर भरेल. परंतु ज्या ग्रंथात देऊळ आणि नदी यांमधले अंतर पावलांनी मोजले जाते, त्याच्या बाबतीत दीडशे मीटर म्हणजे काठावरचे देऊळ पात्रात जाऊन पडणे.

याहून मोठा फसवा प्रकार रेखांशांचा. एकोणिसाव्या शतकातील भारतीय नकाशांवरचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या तेव्हाच्या स्वीकृत रेखांशावरून मोजलेले होते आणि तो आकडा चुकीचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तारायंत्राधारित निश्चितीनंतर सर्व रेखांशांतून २ मिनिटे २७ सेकंद वजा करण्यात आले. ही दुरुस्ती ध्यानात न घेता त्याआधीचे पत्रक वापरले, तर मराठवाड्याच्या अक्षांशावर प्रत्येक गाव चार किलोमीटरांहून अधिक पूर्वेस जाते. गंमत अशी की आतील चूक शून्याजवळ दिसते, कारण सगळेच बिंदू सारखे सरकलेले असतात. एकाच भ्रष्ट मातृकेवरून झालेल्या दहा नकला परस्परांशी तंतोतंत जुळाव्यात, तसा हा प्रकार आहे.

या सर्वेक्षणाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. एकच प्रसंग विषयाशी निगडित आहे म्हणून नोंदवितो. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय मापनास आरंभ केला. कावेरीच्या सपाट खोऱ्यात टेकड्या नसल्याने त्याने देवळांच्या गोपुरांचा उपयोग केला. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर त्याचे प्रचंड थिओडोलाइट चढविले जात असता दोर तुटून ते आदळले आणि मोडले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर मराठी ग्रंथव्यवहाराचे आश्रयदाते सरफोजीराजे होते. लॅम्ब्टनने ते यंत्र स्वतःच दुरुस्त केले. पुढे १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. देऊळ हा स्थाननिश्चितीचा आधार मानण्यात स्थानपोथीकार आणि हा सर्वेक्षक एकत्र येतात, एवढे खरे. एकाने देवळापासून ओट्याची दिशा सांगितली, तर दुसऱ्याने देवळावरून क्षितिजाचे कोन घेतले.

नियंत्रण बिंदू भरल्यावर संगणक चित्राला ताणून त्या बिंदूंवर बसवितो आणि किती चूक उरली ते आरएमएस त्रुटीच्या रूपाने सांगतो. येथे अभ्यासकाची खरी कसोटी आहे. पहिल्या कोटीच्या रूपांतरणात सरळ रेषा सरळच राहतात आणि काही चूक शिल्लक दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या कोटीचे रूपांतरण निवडले की चूक घटते, आकडा देखणा होतो. पण नियंत्रण बिंदूंमधल्या प्रदेशात चित्र नको तेथे वाकते. प्रतींमधील पाठभेद मिटविण्यासाठी संपादकाने मनचे शब्द घालावेत आणि संहिता ‘सुबोध’ करावी, त्यातलाच हा प्रकार. उरलेली चूक लपविण्यापेक्षा ती नोंदवून ठेवणे अधिक प्रामाणिक आहे, आणि एखाद्याच बिंदूवर ती मोठी असेल तर तेथे कागदाची घडी आहे की आपणच आकडा चुकीचा भरला, हे पाहणे अधिक उपयुक्त.

नकाशा जागेवर बसला तरी त्यावरची नावे वाचावयाची राहतातच. चिन्हे आणि नावे यांना स्वतःच्या मर्यादा आहेत. देवळाचे चिन्ह कागदावर एक-दीड मिलिमीटरचे असते. तेवढ्यात जमिनीवरचे सत्तर-ऐंशी मीटर झाकले जातात. चिन्हांची गर्दी झाली तर ते बाजूलाही सरकविलेले असते. नावांचे रोमन लिप्यंतर हंटर पद्धतीचे, व्यवहारात बहुधा स्वरचिन्हांवाचून छापलेले. त्यात काळेवाडी आणि कालेवाडी यांतला भेद उरत नाही. ‘ण’ व ‘न’, ‘ड’ व ‘द’ एकच होतात. महानुभाव ग्रंथांतील जुनी नामरूपे आधीच आजच्या उच्चारांपासून दूर गेलेली. त्यांच्या आणि गावाच्या चालू नावाच्या मध्ये हा रोमन पडदा आला की केवळ ध्वनिसाम्यावर केलेली ओळख किती ठिसूळ असते, ते वेगळे सांगावयास नको. मात्र पत्रकावर ओसाड गावासाठी वेगळे चिन्ह असते, आणि ते स्थानशोधकासाठी फार मोलाचे आहे. महसुली यादीतून गेलेले नाव तेथे कधी कधी टिकून राहते.

साधनांच्या उपलब्धतेविषयी थोडक्यात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची आणि संरक्षणविषयक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. नागरी मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आहे, पण ती धरणानंतरची. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील पुष्कळसे निर्बंध सैल केले. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० प्रमाणाची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून खुली केली आहेत. ती धरणापूर्वीची आहेत, पण त्यांवर एक मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. गावांचा परस्परसंबंध पाहण्यास ती पुरतात, ओटा शोधण्यास नाही.

राहता राहिला मांडणीचा प्रश्न. भौगोलिक माहिती प्रणाली प्रत्येक स्थळासाठी बिंदू मागते, आणि आपण तो देऊन मोकळे होतो. स्थानपोथीतील ज्या स्थानाचा आधारभूत वाडा वा देऊळ आज ओळखता येते, तेथे बिंदू देण्यास हरकत नाही. त्याच्यासोबत पत्रकाचा क्रमांक, सर्वेक्षणाचे वर्ष, मूळ संदर्भप्रणाली आणि उरलेली त्रुटी नोंदवावी. जेथे केवळ गाव आणि नदीचे अंग एवढेच कळते, तेथे बिंदूऐवजी क्षेत्र आखावे: जुन्या पत्रकावरील वस्तीची सीमा आणि काठाची रेषा यांमधला तुकडा. गावच निश्चित होत नसेल तर संभाव्य गावे सगळीच दाखवून प्रत्येकाच्या बाजूचा पुरावा लिहावा आणि पाठभेदांची तळटीप द्यावी तशी ती नकाशाला जोडावी. नाथसागराच्या निळ्या क्षेत्राखाली जुने पत्रक अर्धपारदर्शक ठेवले की नदीचे मूळ पात्र, त्याची वळणे आणि काठावरच्या वाटा दिसू लागतात. पोथीतले ‘पूर्वेस’ आणि ‘उत्तरेस’ हे शब्द त्या वळणांवर ठेवून वाचावयाचे आहेत, कारण नदी वळते तेथे काठाची दिशाही बदलते आणि पोथीकाराने दिशा सूर्यावरून घेतली की प्रवाहावरून, हे प्रत्येक स्थानी नव्याने ठरवावे लागते.